बटणाची भिंगरी : घरच्या घरी वेगाचे मोजमाप



आषाढ-श्रावणात धसई, टोकावडे, किन्हवली, डोळखांब या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पाऊस लागला की बाहेर पाय टाकणे कठीण होते. त्यातच वीज गेली की संध्याकाळ संपता संपत नाही. अशा वेळी घरातल्या सर्वांना गुंतवून ठेवील असे एक खेळणे आज आपण करू या. त्याला लागते एक मोठे बटण आणि एक दोरा. हे खेळणे म्हणजे भिंगरी. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती फिरवलेली असेल. पण तिचा वेग किती, हे कुणी मोजले आहे का?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. अकरावीत येणारी पुष्कळ मुले वर्तुळाकार गतीचे सूत्र धडाधडा म्हणून दाखवतात. पण आपल्या हातातली वस्तू सेकंदाला किती फेरे घेते हे कसे शोधायचे, असे विचारले की ती गप्प बसतात. ‘आमच्या शाळेत तशी उपकरणे नव्हती’ हे उत्तर ठरलेले. आज उपकरण आपणच बनवू आणि मोजणारेही आपणच.

साहित्य आणि कृती

कोटाचे मोठे बटण, दीड मीटर मजबूत दोरा, जुने जाड पुठ्ठे, डिंक, रंग आणि कंपास एवढे साहित्य पुरे. बटण मिळाले नाही तर नारळाच्या करवंटीचा तुकडा दगडावर घासून गोल करा आणि मध्यापासून सारख्या अंतरावर दोन भोके पाडा.

दोरा एका भोकातून घालून दुसऱ्यातून परत आणा आणि दोन्ही टोकांची गाठ मारा. दोऱ्याचा मोठा फास तयार होईल आणि बटण त्याच्या मध्यावर राहील. फासाची दोन टोके दोन्ही हातांच्या बोटांत अडकवा, बटण झोक्यासारखे गोल फिरवून दोऱ्याला पीळ द्या आणि हळूच ओढा. पीळ सुटेल, बटण गरगर फिरेल. पीळ संपत आला की हात सैल सोडा. बटण थांबणार नाही. ते दोऱ्याला उलटा पीळ घालील. पुन्हा ओढा. चार-पाच ओढींतच भिंगरी गुणगुणू लागेल.

एक सूचना अगोदरच. सोड्याच्या बाटलीचे ठोकून सपाट केलेले झाकण यासाठी वापरू नका. त्याची कड सुरीसारखी कापते. फिरवताना भिंगरी तोंडाजवळ व केसांजवळ आणू नका, आणि दोरा झिजला की लगेच बदला.

भिंगरी का फिरत राहते?

आजीची ताक घुसळण्याची रवी आठवा. रवीला गुंडाळलेली दोरी एका टोकाने ओढली की रवी एका दिशेने फिरते, दुसऱ्या टोकाने ओढली की उलट. भिंगरीही अशीच उलटसुलट फिरते, पण एक फरक आहे. रवीला परत फिरवण्यासाठी दुसरी ओढ लागते. भिंगरीत ते काम चकतीचे जडत्व करते. पीळ पूर्ण सुटला त्या क्षणी चकती सर्वांत जास्त वेगात असते. ती थांबू शकत नाही, म्हणून पुढे जाऊन दोरा उलट दिशेने पिळते. या वेळी गतिज ऊर्जा खर्च होऊन दोऱ्याला पीळ बसतो आणि आपले हात जवळ ओढले जातात.

खरी गंमत हातांची आहे. पीळ सुटत असताना आपण जोराने ओढतो, तेव्हा हात कार्य करतात आणि चकतीला ऊर्जा मिळते. पीळ भरत असताना हात सैल सोडतो, म्हणजे चकतीकडून ऊर्जा फारशी परत घेत नाही. दिली जास्त, घेतली कमी. उरलेल्या ऊर्जेतून हवेचा विरोध आणि दोऱ्याचे घर्षण भागते. सारा वेळ सारख्याच जोराने ओढून पाहा. भिंगरी काही क्षणांत मंदावेल. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का द्यावा लागतो, तसेच हे.

दोऱ्याकडेही नीट पाहा. पीळ वाढला की दोन पदर एकमेकांभोवती घट्ट बसतात. आणखी पीळ दिला तर पिळावर पीळ चढून छोटी वेटोळी दिसू लागतात. सुंभ वळणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असे आपण म्हणतो. इथे त्या पिळातच हातांची ऊर्जा साठते.

आता मोजू या

धावत्या चकतीचे फेरे डोळ्यांनी मोजता येत नाहीत. म्हणून युक्ती करू. पुठ्ठ्याची ५ सेंटिमीटर त्रिज्येची चकती कापून तिच्या मध्यावर बटण चिकटवा. बटणाच्या भोकांसमोर पुठ्ठ्यालाही भोके पाडा. कडेला एक ठळक ठिपका काढा.

पायरी पहिली : भिंगरी चांगली फिरू लागली की दोन हातांमधले अंतर कमीत कमी किती होते ते मित्राला पट्टीने पाहायला सांगा.

पायरी दुसरी : भिंगरी थांबवा, दोरा सरळ करा. आता चकती बोटाने एकाच दिशेला फिरवत ठिपक्याचे फेरे मोजा. हातांतले अंतर मघाएवढे झाले की थांबा. समजा ४० फेरे झाले. एका ओढीत चकती एका बाजूच्या पूर्ण पिळापासून दुसऱ्या बाजूच्या पूर्ण पिळापर्यंत जाते, म्हणजे ४० आणि ४० मिळून ८० फेरे.

पायरी तिसरी : घड्याळ लावून १० ओढींना किती वेळ लागतो ते पाहा. समजा २० सेकंद लागले. एका ओढीला २ सेकंद. २ सेकंदांत ८० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०, मिनिटाला २,४०० फेरे. हा सरासरी वेग झाला. पीळ सुटण्याच्या क्षणी वेग याहून बराच जास्त असतो.

या वेगाने चकतीच्या कडेवरचा ठिपका किती पळतो? एका फेऱ्यात परीघ सुमारे ३१.४ सेंटिमीटर. ४० फेऱ्यांत सुमारे १२.६ मीटर. सेकंदाला १२.६ मीटर म्हणजे ताशी सुमारे ४५ किलोमीटर. पुठ्ठ्यावरचा ठिपका एस.टी.च्या वेगाने पळतो आहे, आणि तो पळवणारे आहेत तुमचे दोन हात!

घरातल्यांसाठी दोन करमणुकी

रंगांची भिंगरी : दुसऱ्या चकतीचे सात भाग करून त्यांत इंद्रधनुष्यातील सात रंग भरा. फिरवली की रंग नाहीसे होऊन चकती पांढुरकी दिसेल. एका रंगाची डोळ्यातील प्रतिमा पुसण्याआधीच पुढचा रंग येतो, म्हणून सर्व रंग मिसळतात. आपले रंग शुद्ध नसतात आणि बराच प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे स्वच्छ पांढऱ्याऐवजी करडी छटा येते. नंतर फक्त दोन-दोन रंग भरून चकत्या करा आणि फिरवण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला विचारा, ‘कोणता रंग दिसेल?’ पैज लावण्यासारखा खेळ आहे.

गाणारी भिंगरी : तिसऱ्या चकतीच्या कडेला सारख्या अंतरावर १० खाचा पाडा. फिरत्या कडेला मित्राने पोस्टकार्डाचा कोपरा हलकेच टेकवावा. सेकंदाला ४० फेरे असतील तर कार्डावर ४०० टिचक्या बसतील, आणि तेवढ्याच कंप्रतेचा स्वर ऐकू येईल. वेग चढताना स्वर चढतो, उतरताना उतरतो. सर्वांत उंच स्वर कोण काढतो याची स्पर्धा लावा. कार्ड जोराने दाबणारा हरतो. का, ते तुम्हीच सांगा.

खेळण्याचे यंत्र होते तेव्हा

आता महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचे त्वरण केंद्राकडे असते. ते किती, याचा सोपा अंदाज असा : सेकंदाला होणाऱ्या फेऱ्यांचा वर्ग करा, त्याला मीटरमधील त्रिज्येने गुणा आणि ४ ने गुणा. गुरुत्वत्वरणाच्या किती पट, ते मिळते. आपल्या चकतीच्या कडेसाठी ४ × ४० × ४० × ०.०५ = ३२०. म्हणजे गुरुत्वाच्या ३२० पट!

एवढ्या जोराचा उपयोग काय? ओढ्याचे गढूळ पाणी भांड्यात ठेवले तर बारीक गाळ तळाशी बसायला काही तास लागतात. गुरुत्व शेकडो पट असते तर? अपकेंद्री यंत्र, म्हणजेच सेंट्रिफ्यूज, नेमके हेच करते. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताची नळी त्यात फिरवतात. जड पेशी बाहेरच्या टोकाला जातात, पिवळसर द्रव आतल्या बाजूला राहतो. तांबड्या पेशींचे प्रमाण पाहून रक्तक्षय ओळखता येतो. हिवतापासारख्या रोगाच्या तपासणीतही अशा विलगीकरणाची मदत होते. पण हे यंत्र महाग असते आणि त्याला वीज लागते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश २०१३ मध्ये युगांडात गेले होते. वीज नसल्यामुळे निरुपयोगी झालेले सेंट्रिफ्यूज तिथे एका आरोग्यकेंद्रात दार अडवायला ठेवलेले त्यांना दिसले. विजेशिवाय चालणारे यंत्र करायचे म्हणून त्यांच्या गटाने नाना फिरती खेळणी तपासली आणि शेवटी ते भिंगरीपाशी येऊन थांबले. साद भामला आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पिळाचे गणित मांडले, दोऱ्याची लांबी, जाडी आणि चकतीची त्रिज्या बदलून पाहिली. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सुमारे २ ग्रॅम वजनाच्या, २० सेंटपेक्षा कमी खर्चाच्या कागदी भिंगरीचा वेग मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत पोचला. दीड मिनिटात रक्तातील द्रव वेगळा झाला, आणि सुमारे १५ मिनिटांत हिवतापाचे परजीवी वेगळे करता आले.

मनु प्रकाश यांचे शिक्षण कानपूरच्या आय.आय.टी.त झाले. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवणारे अरविंद गुप्ता हेही तिथलेच, १९७५ च्या तुकडीचे. पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळणे ही पोरकट गोष्ट आहे असे या दोघांनी मानले नाही.

गढूळ पाण्याचा प्रयोग

हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. मत्स्यालयात हवा सोडण्यासाठी वापरतात तसली बारीक पारदर्शक नळी नवी आणा. दवाखान्यातील वापरलेली नळी कधीही घेऊ नका. ३ सेंटिमीटरचे तीन सारखे तुकडे कापा. एक टोक मेणबत्तीवर मऊ करून पक्कडीने दाबून बंद करा. मोठ्या माणसांनीच हे करावे. ड्रॉपरने सारखे गढूळ पाणी भरा, वर थोडी जागा सोडा आणि दुसरे टोकही बंद करा.

दोन नळ्या चकतीवर केंद्राच्या दोन बाजूंना, त्रिज्येच्या दिशेत, समोरासमोर चिकटपट्टीने घट्ट बसवा. वजन दोन्हीकडे सारखे हवे, नाहीतर भिंगरी थरथरेल. वरून पुठ्ठ्याची दुसरी चकती डकवून नळ्या बंदिस्त करा. तिसरी नळी भिंतीला टेकून उभी ठेवा. इतरांना दोन हात दूर उभे करून पाच मिनिटे भिंगरी फिरवा. मग तिन्ही नळ्या शेजारी धरा. फिरवलेल्या नळ्यांत गाळ बाहेरच्या टोकाला गेलेला दिसेल, उभ्या नळीत पाणी अजून गढूळच असेल.

इथे एक शंका यायला हवी. भिंगरी तर उलटसुलट फिरते. मग गाळ एकदा बाहेर, एकदा आत असे का होत नाही? उत्तर सूत्रात आहे. त्वरण फेऱ्यांच्या वर्गावर अवलंबून असते. दिशा उलटली तरी वर्ग धनच राहतो.

हा प्रयोग पाण्यापुरताच ठेवा. रक्त घेऊन घरी किंवा शाळेत कोणीही प्रयोग करू नये. ते काम तज्ज्ञांचे आहे.

करून पाहा, विचार करा

१. दोऱ्याची लांबी ६०, १०० आणि १४० सेंटिमीटर ठेवून सरासरी वेग मोजा आणि आलेख काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

२. वजन तेवढेच ठेवून चकतीची त्रिज्या दुप्पट केली, तर कडेवरचे त्वरण दुप्पट होईल का? प्रत्यक्षात फेरे का कमी होतात?

३. काही दिवे विजेमुळे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा दिव्याखाली चार काळे आणि चार पांढरे सारखे पट्टे असलेली चकती फिरवली, तर एका क्षणी पट्टे थांबल्यासारखे दिसतात. त्या क्षणी चकतीचा वेग किती?

शिक्षकांना एक विनंती. वर्गात चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला आपले आकडे फळ्यावर लिहू द्या. आकडे जुळणार नाहीत. तेव्हा ‘बरोबर’ आकडा लगेच सांगून टाकू नका. दोरा जाड होता की बारीक, हात कोणाचे होते, घड्याळ कोणी पाहिले, यावर मुलांना वाद घालू द्या. त्या वादातच त्यांना मोजमाप कळेल, आणि त्यासाठी बटणाच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येणार नाही.