पडीक जागेचा जमाखर्च

व्यापाऱ्याच्या चोपडीत प्रत्येक वस्तूला खाते असते. मालाचे असते, उधारीचे असते, घुशींनी कुरतडलेल्या पोत्याची तूटसुद्धा कोठे तरी मांडलेली असते. परंतु ज्या जमिनीवर आपली वखार उभी आहे, त्या जमिनीचे खाते मात्र खरेदीखत झाले की आपण बंद करतो. जमीन झिजत नाही, तिला घसारा नाही, असा आपला समज. तो समज कितपत खरा आहे, हे आपल्याच बेळगाव-निपाणी भागाच्या उदाहरणांवरून तपासून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

मुद्दल कोणते?

बेळगावचा पुष्कळसा भाग जांभ्या दगडावर वसलेला आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो शोषून घेतो व विहिरींना पुरवितो. शहरात वर्षाकाठी साधारण पन्नास इंच पाऊस पडतो. या दोन गोष्टींच्या आधारावरच जुन्या वाड्यावाड्यांतून आड व विहिरी झाल्या. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा जमणाऱ्या हजारो लोकांच्या पाण्याची सोयही विहीर खणूनच करण्यात आली. टिळकवाडीतील ती काँग्रेस विहीर आजही आपल्या परिचयाची आहे.

शहापूर, वडगाव, येळ्ळूर या बाजूची भातशेती हे आपले दुसरे मुद्दल. येथील सुवासिक बासमती एके काळी दूरवरच्या पेठांतून नावाने मागितला जाई. आज त्याच शिवारातून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्यात शहराचे सांडपाणी मिसळते. पावसाळ्यात नाला फुगला की ते पाणी उभ्या भातात शिरते. एकीकडून हे पाणी आणि दुसरीकडून बिनशेती होऊन पडणारे प्लॉट, अशा दुहेरी कात्रीत बासमतीचे क्षेत्र आकसत गेले. व्याज खाऊन मुद्दल राखणे हा व्यापाराचा पहिला धडा. येथे आपण मुद्दलच खात आलो आहोत.

आमची स्वतःची चूक

दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी आमचेच उदाहरण सांगतो. आमच्या घरामागे जुनी बांधीव विहीर होती. नळ आला तशी ती अडगळ वाटू लागली. प्रथम केरकचरा, मग पाडकामाचा राडारोडा आणि शेवटी वर फरशी, अशी तिची अखेर आम्ही आमच्या हातांनी केली व त्या जागी गाड्या उभ्या करू लागलो. पुढे १९९५ च्या सुमारास मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशय आटला आणि शहरात टंचाई पडली. त्या फरशीवर उभे राहून आम्ही विकतच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहिली! त्याच सुमारास शहरातील कित्येक जुन्या विहिरींचा गाळ उपसून, पंप बसवून त्या पुन्हा वापरात आणल्या गेल्या. आमची विहीर त्यांत नव्हती. हा तोटा आमच्या कोणत्याही चोपडीत नोंदलेला नाही, म्हणून येथे नोंदवीत आहोत.

हिशेब

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर पन्नास इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे १ लाख २८ हजार लिटर पाणी झाले. दहा गुंठ्यांच्या वखारीच्या आवारात वर्षाला पावणेतेरा लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. दहा हजार लिटरांचा टँकर धरल्यास हे सव्वाशेहून अधिक टँकर झाले. यांतील काही भाग वाफ होऊन जाणार, हे खरे. तथापि सारे आवार सिमेंटने झाकले तर बहुतेक सर्व पाणी गटारात जाते आणि सखल भागातील शेजाऱ्याच्या दुकानात शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या वस्त्यांतून शिरलेले पाणी आपण पाहिले आहे. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेच्या पुराने महामार्ग अडला, मालमोटारींच्या रांगा लागल्या. तोच प्रकार २०२१ च्या जुलैत पुन्हा घडला. पाणी मुरण्याची व पसरण्याची जागा आपण अडविली की ते आपला व्यापार अडविते.

बिघडलेली जागा सुधारते काय?

सुधारते, मात्र वेळ लागतो. मुंबईत माहीम-धारावीच्या हद्दीवर, मिठी नदीच्या काठी, शहराच्या कचऱ्याचा डेपो होता. तो बंद झाल्यावर १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते तेथे वृक्षारोपणास आरंभ झाला, आणि १९९४ मध्ये सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. जर्मनीच्या रूर या कोळसा-पोलादाच्या प्रदेशातील एम्शर नदी शंभरावर वर्षे उघडे गटार होऊन राहिली होती. सांडपाण्यासाठी जमिनीखालून स्वतंत्र वाहिनी घालण्याचे काम तेथे सुमारे तीस वर्षे चालले, आणि २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. बळ्ळारी नाला एम्शरहून पुष्कळच लहान आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, जागेचा पूर्वेतिहास विचारावा. तेथे तेल सांडले होते काय, रसायनांची पिंपे होती काय, फाउंड्रीची वाळू पडली होती काय? उद्यमबाग-मच्छे भागातील फाउंड्र्यांतून निघणाऱ्या वापरलेल्या वाळूत, विशेषतः राळेने बांधलेल्या वाळूत, फिनॉलसारखी द्रव्ये व धातूंचे अंश राहू शकतात. ती नाल्याकाठी वा खड्ड्यात ओतू नये. अशा जागेची माती तपासून घेतल्याखेरीज तेथे भाजीपाला लावू नये. विहीरही खणू नये.

दुसरी, माल ठेवून व गाड्या फिरवून चेपलेली, परंतु विषारी नसलेली जमीन खोल नांगरून मोकळी करावी. पावसाळ्याच्या तोंडाशी ताग किंवा धैंचा पेरून तो फुलोऱ्यापूर्वी गाडावा, तळ्याचा गाळ घालावा, आणि मग करंज, जांभूळ, कडुनिंब अशी येथल्या मातीची झाडे लावावीत.

तिसरी गोष्ट निपाणीकरांसाठी. तंबाखूच्या काड्या व भुकटी यांत नत्र व पालाश भरपूर असते. नीट कुजविल्यास त्यांचे चांगले खत होते. मात्र न कुजलेला कचरा टोमॅटो व मिरचीच्या वाफ्यांजवळ टाकू नये. तंबाखूचा मोझॅक रोग त्यातून या पिकांवर जातो.

चौथी, छपराचे पाणी पन्हळीने गाळखड्ड्यात नेऊन जुन्या विहिरीत वा शोषखड्ड्यात सोडावे. आवाराचा काही भाग तरी फरशीवाचून ठेवावा.

यांतील एकाही गोष्टीस सरकारी हुकुमाची वाट पाहावी लागत नाही. येत्या दिवाळीस नवी चोपडी उघडताना आपल्या जागेचे एक पान तीत घालावे, असे आम्ही सर्व सभासद बंधुभगिनींना विनवितो. किती गुंठे, त्यांत किती झाकलेले, किती मोकळे, विहीर कोठे, राडारोडा कोठे जातो, एवढेच लिहावे. आमच्या पानावरची पहिली नोंद ठरलेली आहे : फरशी उचलणे, विहीर उपसणे. मजुरीचा खर्च नावे टाकू. जमेच्या बाजूस पहिली नोंद पाऊस पडल्यावर करू.