सेल चार्ज करण्याविषयी

चिरंजीव भाच्यास,

रिचार्जेबल सेल भरताना वीज किती द्यावी यापेक्षा ती कधी थांबवावी हे अधिक महत्त्वाचे असते, कारण सेल भरल्यानंतरही प्रवाह चालू राहिला तर त्याची उष्णता होते आणि आतील वायूचा दाब वाढतो. रिमोटमध्ये बसणारे असे पेन्सिल सेल सहसा निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे, १.२ व्होल्टचे असतात. त्यांच्यासारखेच दिसणारे १.५ व्होल्टचे साधे अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घातल्यास गळतात, क्वचित फुटतातही.

सेलवरील २००० मिलिअँपिअर-अवर हा आकडा त्याची साठवणक्षमता सांगतो. चार्जर २०० मिलिअँपिअरचा असेल तर भागाकाराने दहा तास येतात, परंतु काही ऊर्जा वाया जात असल्याने प्रत्यक्षात चौदा ते सोळा तास लागतात. चांगला चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासतो आणि भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरते ही खूण ओळखून प्रवाह तोडतो. नुसता टायमर असलेल्या चार्जरची मोजणी मात्र वीज जाऊन आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. म्हणून चार्जर घेताना काटकसर करू नये. संभाजीनगरात पारा चाळिशीपार गेला असता पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चार्जिंग लावू नये. सेल कोमट लागणे स्वाभाविक आहे, बोट टेकवत नसेल तर प्लग काढावा.

लिथियम-आयन बॅटरीचे गणित याहून कठोर आहे. तिच्यातील द्रव ज्वलनशील असतो आणि एक सेल बिघडून तापला की शेजारचाही पेटू शकतो, म्हणून तिला तिचाच चार्जर लावावा आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये. वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. संभाजीनगर शहरातील छावणीत ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागून वर राहणारे एकाच कुटुंबातील सात जण गुदमरून गेले. तेव्हा चार्जिंगवरील ई-दुचाकीचा संशय व्यक्त झाला होता. त्या आगीचे कारण काहीही असो, बाहेर पडण्याच्या वाटेवर धूर कोंडला की झोपेतून उठलेल्या माणसाला सुटका उरत नाही, हे विसरता येत नाही. यास्तव चिरंजीवाने चार्जिंग जागेपणीच करावे, गादीवर किंवा दाराजवळ करू नये, आणि जिन्याखाली उभी राहणारी आपली ई-स्कूटर तेथे चार्जिंगला लावू नये.

घरमालकांशी बोलून स्कूटरसाठी दुसरी जागा ठरली की तसे पत्राने कळवावे.

शुभाशीर्वाद.