बोराखालची जमीन आधी बघ

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून सविस्तर सांगते. बोरं वरून पिवळीधमक, आणि फोडली की आत काळा गर अन् वळवळणारी अळी. दुकानदारानं हातात बाटली दिली आणि तू ती फवारायला निघालीस. थांब माझे बाई. फळं पिकायला आलेली असताना असं करू नकोस.

आधी पाच-सहा किडकी बोरं उभी चिर आणि उजेडात नीट बघ. अळी दुधी रंगाची, पाय नसलेली, डोकं वेगळं न दिसणारी असेल तर ती फळमाशीची. लालसर असेल, तिला स्पष्ट डोकं आणि बारीक पाय असतील, बीभोवती विष्ठा साचलेली असेल, तर ती फळ पोखरणारी अळी. आपल्याकडे दोन्ही सापडतात, पण उमराण असो की कडाका, बोराचा खरा वैरी फळमाशीच.

ही माशी घरातल्या माशीपेक्षा लहान, पिवळसर, पंखांवर पट्टे असलेली. बोर वाटाण्याएवढं झालं की ती सालीखाली अंडी घालते. तिथं बारीक डाग पडतो, फळ थोडं वाकडं वाढतं, पण घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. अळी गर खात बीपर्यंत जाते, फळ नासून गळतं. मग अळी बाहेर पडून मातीत काही बोटं खोल शिरते, तिथं कोष करते, आणि त्यातून निघालेली माशी पुन्हा त्याच झाडावर येते. आत शिरलेल्या अळीवर वरच्या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. आंतरप्रवाही औषधानं ती मेली तरी फळ नासलेलंच, आणि विष मात्र गरात.

म्हणून सांगते, लढाई झाडाखाली आहे. रोज सकाळी बादली घेऊन गळलेलं प्रत्येक बोर वेच. झाडावरची डागाळलेली फळंही काढ. उकिरड्यावर टाकू नकोस, अळ्या तिथंच कोषात जातील. दोन फूट खोल खड्ड्यात पूर, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून उन्हात ठेव. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते बायकांच्याच वाट्याला येतं, हेही मला माहीत आहे. पण यासारखा दुसरा उपाय नाही. काढणी संपली की एप्रिल-मेमध्ये छाटणी कर आणि झाडाच्या घेराखाली वीतभर माती हलवून घे. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात उघडे पडलेले कोष वाळतात, राहिलेले साळुंक्या टिपतात.

बांधावरच्या गावरान बोरींवरही हीच माशी वाढते. त्या सरसकट तोडायला कुणी सांगेल. माझं मन त्याला तयार नाही. त्यांच्याखालची बोरंही वेच, आणि बागेला अगदी लागून असलेली झुडपं तेवढी काढ.

फवारायचंच असेल तर फळं वाटाण्याएवढी असताना 5 टक्के निंबोळी अर्क फवार, पंधरवड्यानं पुन्हा. 5 किलो निंबोळ्यांचा भरडा दहाएक लिटर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी फडक्यातून पिळून गाळ, 200 ग्रॅम साबणचुरा विरघळवून घाल आणि एकूण पाणी 100 लिटर कर. त्याच दिवशी संध्याकाळी वापरून संपव. आंब्याच्या बागेतले गंधसापळे इथं लावून निर्धास्त होऊ नकोस; ते आंबा-पेरूच्या फळमाशीचे नर ओढतात, बोराची माशी वेगळी.

पावसाळ्यानंतर खोडाकडेही बघ. फांद्यांच्या बेचक्यात तपकिरी भुशाची जाळीदार पट्टी दिसली तर आत साल खाणारी अळी आहे. दिवसा ती भोकात लपते, रात्री साल कुरतडते. जाळी खरवडून भोकात तार घाल, मग रॉकेलचा बोळा कोंबून चिखलानं लिंपून टाक. पांढरं दिसलं म्हणजे कीडच असंही नाही: बोटाला भुकटी लागली तर ती भुरी, म्हणजे बुरशी, कापसासारखे चिकट पुंजके आणि मुंग्यांची रांग असेल तर पिठ्या ढेकूण.

आणखी एक गोष्ट, जी नुसत्या बोरापुरती नाही. पहिला मोठा पाऊस झाला की अंधार पडता पडता हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर जमतात, पाला खातात. त्यांची पिल्लं पुढं मुळं कुरतडतात: तुमच्या लातूरकडचा ऊस आणि सोयाबीन, आमच्या नांदेडकडची हळद. त्या संध्याकाळी फांद्या काठीनं झटकून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. एकटीनं करून भागत नाही गं. शेजारच्या शेतकऱ्यांना, बचतगटातल्या बायकांना सोबत घे.

आता बाटलीबद्दल. डब्यावरचा त्रिकोण बघ: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बोरासाठी शिफारस आहे का आणि फवारणीनंतर किती दिवस फळं तोडायची नाहीत, हे वाच. लिहिलेलं नसेल तर ते औषध बोरावर नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरू नकोस. औषध कालवायला, पाणी द्यायला तूच उभी असतेस. हातमोजे आणि तोंडाला फडकं यात लाजायचं काय? येळवसेला शेतात आलेली पोरं हीच बोरं न धुता खातात, भोगीच्या भाजीत हीच पडतात, आणि बोरन्हाणाला चिमुकल्यांच्या डोक्यावरून हीच ओततात.

दुकानदाराऐवजी किडकी बोरं पिशवीत घालून लातूरच्या कृषी विज्ञान केंद्रात ने. आमच्या जिल्ह्यात सगरोळीलाही असं केंद्र आहे, परभणीला तर कृषी विद्यापीठच आहे. जायला जमलं नाही तर किसान कॉल सेंटरला फोन लाव: 1800-180-1551. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.