चाकाची पकड आणि ड्रॅग रेडियल टायर

लखनौ शहरातील मानक नगर ही वसाहत रेल्वेच्या संशोधनासाठी प्रसिद्ध आहे. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली निघालेले रेल्वे परीक्षण व संशोधन केंद्र या दोन संस्था एकत्र करून १९५७ साली रेल्वेची अनुसंधान, अभिकल्प आणि मानक संघटना निर्माण झाली. तिचे ठाणे येथेच आहे. रेल्वेच्या इंजिनापुढील एक जुना प्रश्न असा, की इंजिनात शक्ती कितीही असो, चाक रुळावर घसरले तर ती शक्ती व्यर्थ होय. कोरड्या व स्वच्छ रुळावर पोलादी चाकाचा घर्षणांक साधारणतः ०.३ च्या आसपास असतो आणि रूळ ओला झाला की तो आणखी उतरतो. म्हणून इंजिनाला वाळूची पेटी जोडतात व गाडी सुटताना चाकाखाली वाळू सोडतात.

मोटारीचा प्रश्नही हाच आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर साध्या टायरचा घर्षणांक सुमारे ०.८ असतो. १२०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीत चालक चाकांवर ६०० किलोग्रॅमचा भार आहे असे धरले, तर ती चाके ४८० किलोग्रॅम भाराइतकाच रेटा देऊ शकतील. इंजिनाची शक्ती दुप्पट केली तरी रेटा तेवढाच राहील व चाके जागच्या जागी फिरून धूर काढतील. घर्षणांक १.१ झाला, तर मात्र हाच रेटा ६६० पर्यंत जातो. जागेवरून निघून ४०२ मीटरचे सरळ अंतर कमीत कमी वेळात कापावयाच्या ज्या शर्यतीला ड्रॅग शर्यत म्हणतात, तिच्यासाठी बनविलेले ड्रॅग रेडियल टायर तयार केलेल्या धावपट्टीवर १ हून अधिक घर्षणांक देतात. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती भरविल्या गेल्या आहेत.

ही पकड येते कोठून? पहिले कारण रबराचा मऊपणा. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत भागांत शिरते, दबते आणि पुन्हा पसरते. या दबण्या-पसरण्यात ऊर्जेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो, आणि रबराची पकड बऱ्याच अंशी या खर्चामुळेच उत्पन्न होते. दुसरे कारण असे, की या टायरवर खाचा फार थोड्या असतात. त्यामुळे रस्त्याला टेकणारे रबर अधिक. तिसरे कारण हवेचा कमी दाब. शर्यतीच्या वेळी चौरस इंचाला १५ ते २० पौंडांपर्यंत हवा उतरवितात, म्हणजे टायर पसरून त्याचा ठसा मोठा होतो. 'रेडियल' हा शब्द आतील तंतूंच्या मांडणीचा निदर्शक आहे. तंतू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि त्यांवर पट्टे बसविलेले असतात. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली या रचनेचे एकस्व घेतले. आजच्या बहुतेक साऱ्या मोटारींचे टायर याच रचनेचे आहेत.

शर्यतीच्या पट्टीवर जे तीन गुण ठरतात, तेच रस्त्यावर तीन दोष होतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. पावसाचा विचार प्रथम करू. टायरच्या खाचा म्हणजे पाण्याच्या मोऱ्याच होत. त्या अपुऱ्या पडल्या की पाणी टायर व रस्ता यांच्यामध्ये पाचरीसारखे शिरते आणि गाडी अक्षरशः तरंगू लागते. त्या क्षणी सुकाणूचक्र हलके लागते व ब्रेक निरुपयोगी ठरतात. नासा या अमेरिकन संस्थेच्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून एक सूत्र प्रसिद्ध केले. त्याप्रमाणे, पाणी खाचांहून खोल असल्यास, चौरस इंचावरील पौंडांच्या वर्गमुळाला १६.७ ने गुणले म्हणजे तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३२ पौंड हवा असता हा वेग सुमारे ९४ येतो, १६ पौंड असता अवघा ६७. मोटारीच्या बाबतीत हा अंदाजच समजावा. पण शर्यतीचा दाब तसाच ठेवून आषाढात खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्याने कोणते संकट ओढवून घेतले आहे, हे त्यावरून कळते.

उष्णतेची गोष्ट याहून कपटी आहे, कारण ती दिसत नाही. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते. वाकण्यातून उष्णता निघते, आणि मैलोगणती चालल्यावर ती साठून पट्टे सुटतात किंवा टायर फुटतो. शर्यतीची धाव काही सेकंदांची, म्हणून तेथे हे खपते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, तेथे खपणार नाही. या मार्गावर टायर फुटण्याचा प्रश्न इतका गंभीर मानला गेला, की २०२३ साली परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासावयास आरंभ केला. तेव्हा धाव संपताच, घरी निघण्यापूर्वी, मोटारीच्या निर्मात्याने सांगितलेला दाब पुन्हा भरावा. दाब नेहमी टायर थंड असता मोजावा.

चालक चाकांना ड्रॅग रेडियल व उरलेल्या दोहोंना साधे टायर, अशी जोडणी सर्रास आढळते. आपल्याकडील बहुसंख्य मोटारींत शक्ती पुढच्या चाकांना जाते. अशा गाडीत कोरड्या वळणावर पुढची बाजू घट्ट धरते व मागची सुटते. पावसात नेमके उलट होऊन पुढची चाके तरंगतात आणि गाडी वळतच नाही. माझ्या मते साधे टायर घालून पट्टीपर्यंत जावे, तेथे चाके बदलावीत व परत निघताना पुन्हा बदलावीत. जॅक आणि पान्यासाठी अर्धा तास मोडतो, तो मोडू द्यावा.

निवड करताना टायरच्या बाजूवरील मजकूर वाचावा. भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरहून कमी नसावे. एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटर दर्शविते, व्ही हे २४०. डी.ओ.टी. ही अमेरिकन खूण बळकटीविषयी आहे. पावसातील पकडीची ती हमी नव्हे. भारतात मोटारींच्या टायरांना भारतीय मानक १५६३३ प्रमाणे आय.एस.आय. खूण आवश्यक आहे, आणि खासगी वाटांनी आलेल्या शर्यतीच्या टायरांवर ती आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. झिजेचा अंक साध्या टायरांवर ३०० ते ५०० असतो. ड्रॅग रेडियलवर तो १०० च्या आत, कित्येकदा शून्यही असतो. असा टायर काही हजार किलोमीटरांतच संपतो. मोटारीच्या टायरवर निदान १.६ मिलिमीटर खाच उरली पाहिजे असा आपला नियम आहे, आणि मुळातच उथळ खाचांचा हा टायर ती मर्यादा लवकर गाठतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, मग टायर कोणताही असो.

जुना टायर स्वस्तात मिळत असेल तर खुणेच्या शेवटचे चार अंक पाहावेत. '२३१६' असे असल्यास तो २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी इतक्या वर्षांत रबर कडक झालेले असते, आणि ज्या मऊपणासाठी तो घ्यावयाचा तो त्यात राहिलेला नसतो.