एक कॉलेज, एक मत

मतदान जिंकूनही संघटना कशी मोडते, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या क्रीडा-इतिहासात आहे. १८९४ मध्ये अटलांटा येथे दक्षिणेकडील सात कॉलेजांनी ‘सदर्न इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ काढली. पुढाकार होता व्हँडरबिल्टचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डडली यांचा. तिथले फुटबॉल म्हणजे आपले नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा तो खेळ. संघात पैसे घेऊन खेळणारे शिरू नयेत, हा संघटनेचा मुख्य हेतू.

त्या काळी लहान कॉलेजही भारी पडत असे. टेनेसीतील डोंगरावरच्या सिवानी कॉलेजने १८९९ मध्ये रेल्वेने फिरत सहा दिवसांत पाच सामने जिंकले आणि पाचांपैकी एकालाही गुण करू दिला नाही! मधला एक दिवस विश्रांतीचा. तो रविवार होता.

पुढे राज्य विद्यापीठे वाढली आणि सभासद तीसच्या घरात गेले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेऊ नये, उन्हाळ्यात पैसे घेऊन बेसबॉल खेळणाऱ्यालाही वगळावे, असा मोठ्यांचा आग्रह होता. माझ्या मते मागणी रास्त होती. पण जेथे विद्यार्थीच जेमतेम तीनशे, तेथे पहिले वर्ष वगळले तर संघात उरणार कोण? १९२० च्या अखेरीस सभा झाली. प्रत्येक कॉलेजला एक मत असल्याने संख्येने जास्त असलेली लहान कॉलेजे जिंकली.

दोनच महिन्यांत, फेब्रुवारी १९२१ मध्ये, अटलांटातच १४ संस्थांची ‘सदर्न कॉन्फरन्स’ उभी राहिली. त्यांत बऱ्याच जुन्या संघटनेतल्याच होत्या. तेव्हा लष्करी कॉलेज असलेले क्लेमसनही त्यांच्याबरोबर गेले. सिटाडेल हे दुसरे लष्करी कॉलेज मागे राहिले. तेही १९३६ मध्ये तिकडे गेले.

मागे राहिलेले काही दुबळे नव्हते. केंटकीतील चिमुकल्या सेंटर कॉलेजने त्याच १९२१ च्या ऑक्टोबरात बलाढ्य हार्वर्डला ६-० असे हरवले. उलट सिवानी नंतर मोठ्यांच्या पंगतीत जाऊन बसले. १९३३ ते १९४० या काळात ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’मध्ये ते ३७ सामने खेळले आणि सर्वच्या सर्व हरले.

जुनी संघटना लहान कॉलेजांच्या बळावर आणखी वीस वर्षे चालली. महायुद्ध सुरू असताना, १९४२ मध्ये, ती विसर्जित झाली.