मुलींची स्वतंत्र शाळा : फायदे कोणते आणि ते येतात कुठून?



जून जवळ आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "मॅडम, मुलीला मुलींच्या शाळेत घालू की मुलामुलींच्या?" आज याच प्रश्नाचा थोडा अभ्यास करू या.

थोडा इतिहास

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. १८८४ मध्ये पुण्यातच हुजूरपागा शाळा उभी राहिली. १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेच आजचे एसएनडीटी. त्या काळी वेगळी शाळा नसती, तर बहुतेक मुलींना शाळाच मिळाली नसती. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुलीला बसायला जागा मिळाली की ती काय लिहू शकते, याचा हा पुरावाच.

आज दिसणारे फायदे

१. सगळी कामे मुलीच करतात. मी दोन्ही प्रकारच्या शाळांत विज्ञान शिकवले आहे. मुलामुलींच्या वर्गात प्रयोगाच्या वेळी साहित्य मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात, हे चित्र मी कितीदा पाहिलं! मुलींच्या शाळेत वायर जोडायलाही मुलगीच, बाक उचलायलाही मुलगीच आणि वर्गप्रमुखही मुलगीच.

२. भीड कमी होते. चुकलं तर मुलं हसतील, या धास्तीने आठवी-नववीतल्या कितीतरी मुली हात वर करत नाहीत. फक्त मुलींच्या वर्गात ही धास्ती बरीच ओसरते.

३. वाढत्या वयाविषयी मोकळेपणाने बोलता येते. मासिक पाळी, आहार, स्वच्छता हे विषय कुजबुजत शिकवावे लागत नाहीत.

४. शिक्षण चालू राहते. गावची शाळा संपली की पुढे पाठवायला काही पालक कचरतात. मुलींची शाळा म्हटलं की ते तयार होतात. माझ्या मते हा सर्वांत मोठा फायदा.

दुसरी बाजूही पाहू

पण मुलींच्या शाळेत घातलं की मार्क आपोआप वाढतात का? १८४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काटेकोर अभ्यासांत स्वतंत्र शाळांचा फायदा नगण्य दिसला. उलट दक्षिण कोरियातल्या सोल शहरात मुलांना शाळा चिठ्ठ्या टाकून मिळत. तिथल्या अभ्यासात स्वतंत्र शाळांतली मुले-मुली प्रवेश परीक्षेत पुढे दिसली. म्हणजे एकच ठाम उत्तर नाही. शिवाय मुलींना पुढे मुलांबरोबरच काम करायचं आहे, आणि मुलांनाही मुलींचा आदर करायला शिकायचं आहे. ती सवय सहशिक्षणात लागू शकते.

मग आपण काय करायचं?

पालकहो, पाटीवरचं नाव बघून ठरवू नका. शाळेत जाऊन बघा : स्वच्छतागृहात पाणी आहे का? प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं का? मुलींना मैदान मिळतं का? "मुलीच्या जातीला हे शोभत नाही" असं ऐकवणारी मुलींची शाळा असेल, तर तिचा काय उपयोग? आणि मुलीलाही एकदा विचारा, तिला कुठे जायचंय ते.

शिक्षकहो, आपली शाळा मुलामुलींची असेल तरी हे फायदे वर्गात आणता येतात. प्रयोगाच्या गटात कामे आळीपाळीने द्या. प्रश्न विचारल्यावर लगेच वर झालेला पहिला हात घेऊ नका, थोडं थांबा. उद्याच्या तासाला एवढंच मोजून बघा : उत्तर किती मुलांनी दिलं आणि किती मुलींनी? मी मोजलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली होती. तिथूनच माझ्या वर्गात बदल सुरू झाला.