‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून...’

काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीच्या संध्याकाळी मधुमेहाच्या एका आजींना मुलाने दवाखान्यात आणले. अंग घामाने ओलेचिंब, बोलणे असंबद्ध. रक्तातील साखर फारच उतरली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या सावरल्या. दिवसभर नुसत्या पाण्यावर उपवास, पण सकाळची मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतलेली! मी रागावलो. आजी म्हणाल्या, “तुम्हीच म्हणालात ना, गोळी एक दिवसही चुकवायची नाही? मनात शंका आली होती, पण डॉक्टरांना उलट कसं विचारायचं?”

चूक माझी होती. उपवासाचे मी कधी बोललोच नव्हतो.

अधिकारी व्यक्तीपुढे आपली शंका अशी गप्प का बसते? अमेरिकेत १९६६ साली डॉ. हॉफलिंग व सहकाऱ्यांनी रुग्णालयातील परिचारिकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एक अनोळखी ‘डॉक्टर’ फोनवरून सांगे, “अमुक रुग्णाला ॲस्ट्रोटेन २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो.” डबीवर स्पष्ट छापले होते : कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. फोनवरून औषध देणे नियमाविरुद्धही होते. तरीही २२ पैकी २१ परिचारिका औषध द्यायला निघाल्या! औषध अर्थातच निरुपद्रवी होते आणि त्यांना वाटेतच थांबवण्यात आले. विशेष म्हणजे, ‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ असे इतर परिचारिकांना नुसते विचारले, तेव्हा बहुतेक सर्वजणी म्हणाल्या, “आम्ही देणार नाही.”

या परिचारिका निष्काळजी नव्हत्या. वरच्या माणसाने सांगितले की जबाबदारीही त्याचीच, असे आपले मन धरून चालते.

मग उपाय काय? १९७७ साली असाच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी औषध परिचयाचे होते आणि सहकाऱ्यांशी बोलायला मोकळीक होती. १८ पैकी दोघीच औषध द्यायला तयार झाल्या. म्हणजे माहिती आणि विचारायला माणूस, या दोन गोष्टींनी फरक पडतो.

वाचकहो, दवाखान्यातून उठण्यापूर्वी एवढे जरूर विचारा :

१) हे औषध कशासाठी?
२) जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस?
३) उपवास, जुलाब, उलट्या झाल्या तर काय करायचे?
४) माझी आधीची औषधे सोबत चालतील का?

शक्यतो घरचे एक माणूस बरोबर न्या. मात्र शंका आली म्हणून परस्पर औषध बंद करू नका, आधी विचारा. प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे.

मीही एक सवय लावून घेतली आहे. चिठ्ठी हातात देताना रुग्णालाच विचारतो, “सांगा बघू, गोळी कशी घ्यायची?” आजी आता एकादशीच्या आदल्या दिवशीच दवाखान्यात हजर असतात.